मागची काच

अहो,

गुढ़ियारीच्या मेकॅनिकनं मागच्या महिन्यातच सांगितलं होतं, "दीदी, गाड़ी चालू करते ही पीछे का काँच अपने आप चढ़ता है. बच्ची बैठती है, तार निकलवा लो." मी म्हटलं, बघू नंतर. तुम्हालाही बोलले नाही.

आज इरूला शाळेत सोडायला निघताना मी चावी फिरवली आणि तिचा हात मागच्या काचेत अडकला. रोजच्यासारखी हिरवा रुमाल बाहेर काढून झेंडी दाखवत होती, बाबा रेल्वेत गार्ड असताना दाखवायचे तशी. बटण दाबून काच उतरेना. बाबांनी आणि मी हातानं खाली ओढली. एक्सरे झाला, हाड शाबूत आहे, सूज खूप आहे. आता तिला ड्रेसिंगला ऑटोनं नेते आहे. तुमचा फोन लागत नाही. गाडी चालू करू नका.

वरण-भात झाकून ठेवलाय. बाबा जेवले नाहीत. "मीच पोट्टीले हात बाहेर काढाले शिकवलं," हेच सकाळपासून म्हणून राहिले. रुमाल त्यांनी पेटीत घालून कुलूप लावलं. इरू दुसऱ्या हातासाठी झेंडी मागते, तर तोंड फिरवतात.

मेकॅनिकचं सांगायला मी दोनदा त्यांच्या खोलीत गेले आणि पाण्याचा तांब्या ठेवून परत आले. चूक माझी आहे, हे तुम्ही तरी त्यांना सांगा.

पण आधी, बूट काढायच्याही आधी, आत जाऊन बाबांना बघा. बीपीची गोळी उशाशी आहे, घेतली का विचारा.