जास्वंदीला केळीचा डोस

जीवराम,

मी पहिल्या एस.टी.ने पहूरला वच्छलाअक्काकडे चाललो. चहा घेतला नाही, आज तुझ्या घरचा घोट उतरला नसता.

तुझ्या आईने लावलेली जास्वंद म्हणजे काय केळीचा मळा आहे? एवढ्याशा कुंडीत ओंजळभर युरिया ओतलास, आणि वर मलाच ऐकवतोस, "आबा, केळीला चालतो, हिला काय होतंय?" बघ आता, पानं तव्यावर भाजल्यासारखी झाली! अरे, जिची ही फांदी, त्या अक्काच्या दारच्या झाडाचं फूल बघून ड्रायव्हरने लाल झेंडी समजून छोटी आगगाडी थांबवली होती. हसू नकोस, गार्ड ते फूल टोपीत खोचून गेला.

वरची माती काढ, भरपूर पाणी घाल, खालून वाहून जाऊ दे. कात्री लावशील तर खबरदार! आठवड्याने खोडाची साल नखाने खरवडून बघ. आत हिरवं दिसलं तर निरोप धाड, मी येतो. वाळकं निघालं तर मला न्यायला येऊ नकोस. तुझ्या आईच्या हातचं या घरात एवढंच जिवंत आहे.

युरियाची पिशवी मी बरोबर नेली आहे. शोधत बसू नकोस.

आबा