मस्टरातले पाच महिने

२ जुलै १९९८, नांदेड
सुनंदा आली होती. मी शरीररचना विभागप्रमुख असताना, निवृत्तीआधी शेवटची घेतलेली लेक्चरर. रीडरच्या बढतीच्या मुलाखतीच्या यादीत नाव नाही. अनुभव पाच महिने कमी म्हणे. तिच्यानंतर दोन महिन्यांनी लागलेला बोरगावकर मात्र आहे! लातूरचे क्लासवाले तिला जीवशास्त्र शिकवायला बोलावतात. "मॅडम, यंदा नाही झालं तर जाते."
"जाऊन बघ, तंगडं मोडीन."

६ जुलै
कॉलेजात गेले. कमी पडलेले पाच महिने म्हणजे त्र्याण्णवच्या लातूरच्या भूकंपानंतरचे. छावणीतल्या बाया पुरुष डॉक्टरला तपासू देईनात, म्हणून हिला पाठवलं. पुरुष इथे शिकवत राहिले, त्यांचं सगळं मोजलं. डीनना म्हटलं, पुढच्या भूकंपाला बोरगावकरला लुगडं नेसवून पाठवा. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

७ जुलै
शेख क्लार्कने हजेरीचं जुनं मस्टर काढलं. ऑक्टो. ते फेब्रु., सुनंदाच्या नावापुढे 'रजा'. मी ओरडले, कुठल्या गाढवाने लिहिलं हे?
शेख खाली बघून म्हणाला, "बाई, असं गोल अक्षर या हापिसात कुणाचं हाय?"
कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडी घेऊन घोटवलेलं. माझंच.
छावणीच्या ड्युटीचा लेखी आदेश आलाच नव्हता, सगळं फोनवर. मस्टर कोरं राहिलं तर पगार अडकतो, म्हणून रजा लिहिली. आदेश आला की दुरुस्त करू... नाही आला. मीही विचारलं नाही. आणि तिलाच का पाठवलं? लग्न झालं नव्हतं म्हणून. निवड माझी.

९ जुलै
पत्र दिलं. नोंद खोटी, मी केलेली. ती रजेवर नव्हती, ड्युटीवर होती.
डीन : "मॅडम, स्वतःच्या सहीने देताय. पेन्शनवर येईल."
"येऊ द्या."
ते पाच महिने धरायचे की नाही, हे मुंबईचं संचालनालय ठरवणार. आवक क्रमांक पडल्याशिवाय खुर्ची सोडली नाही.

१० जुलै
सुनंदाला सांगितलं. चहा तसाच राहिला.
"तुम्ही लिहिलंत? आणि चूक त्यांची समजून मी आठ दिवस त्या शेखभाईला बोलून राहिले!"
दारापर्यंत गेली. वळून म्हणाली, "तंबूत किती बाळंतपणं केली मी, माहितीये?"
माहीत नव्हतं. पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही.

१५ जुलै
मुंबईचं उत्तर नाही. मुलाखत सोमवारी. शेखचा फोन : सुनंदाबाई रजा टाकून सकाळच्या गाडीने लातूरला गेल्या. क्लासवाल्यांकडे, की छावणीच्या ड्युटीवर तिचं नाव असलेला एखादा कागद शोधायला, ते त्याला सांगितलं नाही. मला तर नाहीच.
जाण्याआधी माझ्या पत्राची झेरॉक्स मागून नेली म्हणे. शिक्का मारून.