जुनं काडतूस, नवं काडतूस

उस्ताद, आज दुकानात एका गिऱ्हाइकाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला निघालाय. रायफलीचं काडतूस जुन्या घडणीचं घेऊ की नव्या? लगेच तुम्ही आठवलात.

इथे आखातात लढाईनंतर मालकांनी हे बंदुकांचं दुकान उघडलं तेव्हा मी कॅटलॉग तोंडपाठ केलेला दीडशहाणा होतो. नव्या काडतुसाचा वेग किती, मार किती, घडाघडा म्हणून दाखवायचो. ती संध्याकाळ अजून दिसते: जलीब वस्तीतल्या आपल्या खोलीत तुम्ही सुरमई तळताय, आणि ओट्यावर दोन रिकामी काडतुसं शेजारी उभी करताय. "हे जुनं बघ, गाजरासारखं निमुळतं. धुळीने बरबटलं तरी सुळकन बाहेर येतं. नवं सरळ, आत दारू ठासून भरतात. मारतं जोरात, पण तापलं की दाब वाढून आतच अडकतं, उन्हापासून जपावं लागतं. रेडा अंगावर आला की कॅटलॉग उघडशील काय रे?" मी खजील झालो, आणि तुम्ही सगळ्यात मोठी तुकडी माझ्याच ताटात वाढलीत.

एवढं ऐकूनही मी नको तेच केलं. मालक वाळवंटात नवी रायफल तपासायला निघाले, त्या दिवशी नव्या काडतुसांची पेटी मी पिकअपच्या पुढच्या काचेखाली ठेवली आणि चहाला गेलो. जून महिना. दुसऱ्याच बाराला बोल्ट असा अडकला की ठोकून काढावा लागला. मालक पाहुण्यांसमोर त्यांच्या मोडक्या हिंदीत ओरडले, "पेटी धूप में किसने रखा?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मैंने," म्हणालात. माझा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच आठवड्यात नव्याने लागायचा होता, हे तुम्हाला ठाऊक होतं.

तुमचं दुरुस्तीचं टेबल मला मिळालं, तुमची रवानगी शहराबाहेर अम्गऱ्याच्या गोदामात झाली. दर शुक्रवारी मी तिथे यायचो, कबुली द्यायला तोंड उघडायचो, आणि तुम्ही म्हणायचात, "आधी जेव, गार होतंय." दोन वर्षांनी तुम्ही रत्नागिरीला परतलात, आणि तिथेच तुमचे डोळे मिटले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो, जुनंच घ्या, नवं अडकतं. लोकांना वाटायचं, उस्तादांचा चेला बोलतोय. आज पहिल्यांदा खरं सांगितलं: नवंही चांगलंच आहे, त्या दिवशी मी ते उन्हात ठेवलं होतं. गिऱ्हाईक हसलं आणि दोन्ही पेट्या घेऊन गेलं.

पण तुमच्या मुलीला अजून वाटतं, म्हातारपणी अब्बांचा हात चुकला. गेल्या सुट्टीत तुमच्या घरी गेलो, तेव्हा चहा देताना ती तसं म्हणालीही. मी बिस्कीट बुडवत बसलो. तिचा पत्ता मला पाठ आहे. तरी पत्र तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही ते उघडणार नाही.