वरच्या खोलीपर्यंतचा सिनेमा

१८ ऑक्टोबर, शनिवार

अभ्यासिकेतला महिन्याचा सिनेमा या वेळी मी निवडणार. अभ्यासिका चालवणाऱ्या धम्मदीपदादांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. हे काम बाबांचं होतं. मे महिन्यात बाबा गेले, तेव्हापासून पडदा गुंडाळूनच ठेवलाय.

चुलतभाऊ प्रणित पुण्याहून सुट्टीवर आलाय. त्याचं म्हणणं, ३१ला हॅलोवीन आहे, तर भुताचाच सिनेमा हवा, लोकांनी श्वास रोखून बसलं पाहिजे. मी म्हटलं, जमेल. फक्त पद्धत बाबांची. सिनेमा आधी स्वतः शेवटपर्यंत पाहायचा, मगच शिफारस. न पाहता केलेल्या शिफारशीला ते सरळ खोटं म्हणायचे.

प्रणितनं विचारलं, "तुले भेव नाई लागत?" मी हसले. लहानपणी मी सारखी आजारी असायची, म्हणून चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं, माडीवरच्या त्यांच्या खोलीत. पहिला धडा, भूत नसतं. दुसरा धडा, भीती वाटली तर तिचं कारण लिहून काढायचं. मी गुरुजींची मुलगी आहे. मला भुताची भीती वाटली तर गाव काय म्हणेल.

संकल्प: उद्या एका बैठकीत सिनेमा पूर्ण.

१९ ऑक्टोबर, रविवार

सिनेमा सापडला. तेलुगू, हिंदीत डब केलेला. एका मुलीचा बाप वारलेला असतो. माडीवरच्या त्याच्या बंद खोलीतून खोकला ऐकू येतो. मुलगी कंदील घेऊन जिना चढायला लागते.

इथपर्यंत पाहिला. उत्तम आहे.

थांबण्याचं कारण: मोबाईल तापला होता. तापलेला मोबाईल वापरणं धोक्याचं असतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, दुपार

अंगणात खाट टाकून पाहिला. अंधार नको म्हणून नव्हे, हवा चांगली होती म्हणून. मध्येच सोडून पुढून पाहणं अप्रामाणिकपणाचं, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून. उन्हात स्क्रीनवर स्वतःचा चेहरा सोडून काही दिसत नव्हतं, तरी जिना ओळखू आला.

तेवढ्यात शेजारच्या गुणाबाई आल्या. धानाच्या बांधीतून परत येत होत्या, हातात विळा. म्हणाल्या, "काऊन वो पोरी, भर उन्हात बसून भूत पाहून राह्यली?" मी म्हटलं, अभ्यास आहे. त्या खाटेवर टेकल्या. "तलावाकडच्या बांधीत वाघ फिरून राह्यला. आमी धा जणी जातो कापाले, तं अर्धा वेळ डब्बेच वाजवतो. जिथी वाघ हाये, तिथी भूत कायले राहीन? त्याले बी जीवाची पर्वा असन ना."

सिनेमा बंद केला. कारण: घरी कोणी आल्यावर मोबाईलमध्ये पाहत बसणं असभ्यपणा आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

काल अंधार पडल्यावर माडीवर आवाज झाला. गारवा वाढला की लाकूड आकसतं आणि करकरतं. हे बाबांनीच शिकवलंय, त्याच खोलीत बसून.

आई म्हणाली, "उंदीर असन. जाऊन पाय." मी म्हटलं, उंदीर असेल तर त्याला त्रास कशाला द्यायचा, आपण पंचशील घेतलंय. आईही उठली नाही. बाबांना नेलं त्या दिवशी तिनं वरच्या दाराला कडी घातली, त्यानंतर आम्ही दोघींपैकी कोणी वर गेलेलं नाही. कामच पडलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

नवी युक्ती. आवाज पूर्ण बंद करून पाहायचं. भयपटात भीती आवाजातच असते, बाकी सगळे साधे लोक साध्या घरात फिरत असतात.

युक्ती जवळजवळ यशस्वी. मुलगी जिन्याच्या मधल्या पायरीवर पोचली. पण आवाज बंद असूनही खोकला ऐकू आला. म्हणजे आठवला. बाबांचं तसंच असायचं. आधी खोकला, मग "नंदिनी" अशी हाक. आता खोकला आठवला की मी हाकेची वाट पाहत बसते. मधला वेळ फार लांबतो.

थांबण्याचं कारण: चार्जिंग.

(चार्जिंग पुरेसं होतं. पण पुढे कमी झालं असतं.)

२८ ऑक्टोबर, मंगळवार

धम्मदीपदादांचा फोन. शिफारस आजच ग्रुपवर हवी. टाकली:

"उत्कंठावर्धक भयपट. सहकुटुंब पाहण्यासारखा. शेवट अजिबात चुकवू नये."

मी खोटं लिहिलेलं नाही. शेवट चुकवू नये हे माझं प्रामाणिक मत आहे. शुक्रवारच्या आत मी तो पाहणारच, म्हणजे शुक्रवारी हे वाक्य मागील तारखेपासून खरं होईल.

धम्मदीपदादांनी उत्तर दिलं, "गुरुजींची पोरगी आहे, पाहिल्याशिवाय सांगणार नाही." त्यावर सगळ्यांचे अंगठे. जेवण गेलं नाही. कारण: सकाळची पोपटीच्या शेंगांची भाजी पचली नसावी.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर लाईट नव्हती. वीज कंपनीवर माझा ताबा नाही.

(लाईट दुपारी आली होती.)

१ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

काल वाघाच्या भीतीनं सिनेमा दिवसाउजेडी सुरू केला. खिडक्यांना सतरंज्या लावल्या. हॉल भरला. बायका पुढे, पोरं मागे. मी प्रोजेक्टरशेजारी, म्हणजे पडद्याकडे पाहण्याची सक्ती नसलेली जागा.

नायिका एकटीच घराबाहेर पडली तेव्हा गुणाबाई पडद्याला म्हणाल्या, "एकटी काऊन चालली वो? हातात काठी तरी घे." पोरं हसली. पण खोकला सुरू झाला तशी सगळी गप्प झाली. इतकी गप्प, की मला आईचा श्वास ऐकू येत होता. आई येईल असं वाटलं नव्हतं. मागे भिंतीला टेकून उभी होती.

नायिका जिना चढली. दाराला हात लावला. मी डोळे मिटणार, इतक्यात बाहेरचं दार धाडकन उघडलं. वनखात्याबरोबर फिरणारा इसरूभाऊ होता. "आवाज बंद करा पयले. वाघ तलावाच्या पाळीवर बसून हाये. गाडी येईस्तोर कोणी बाहेर निंगायचं नाई."

सिनेमा बंद. दार बंद. बाहेर डबे वाजायला लागले. मला मनापासून हायसं वाटलं, हे वाघाला कधी कळणार नाही.

मग गुणाबाई वळल्या. "बसूनच हावो तं तोंडानंच सांग, बाई. खोलीत कोण होतं? तुले तं मालूम हाये."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रणित म्हणाला, "हो ना, शेवट चुकवू नये म्हने." पाहिलेला नाही, एवढंच सांगायचं होतं. ते वाक्य तोंडापर्यंत आलंही. पण धम्मदीपदादा म्हणाले, गुरुजी असते तर असंच समजावून सांगत बसले असते, आणि मी सांगायला लागले.

म्हटलं, ती दार उघडते. बाप खाटेवर बसलेला असतो. अंगावर शाल, समोर पोरांच्या वह्या. तो वर पाहतो आणि म्हणतो, "एवढा उशीर काऊन केला? बस, कालचं अर्धं राह्यलं." ती खाली बसते. तो वाचायला लागतो. संपलं.

गुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "गुरुजी असेच बोलत," म्हणाल्या. मी म्हटलं, मी सिनेमाचं सांगतेय. "हो ना, सिनेमाचंच," त्या म्हणाल्या. मागे वळून पाहिलं, तर आई पडद्याकडेच पाहत होती. पडद्यावर काहीच नव्हतं.

वाघ गेल्यावर घरी आलो. वाटेत आई माझा हात धरून चालली. वाघामुळे.

२ नोव्हेंबर, रविवार, दुपार

सकाळी प्रणित आला. रात्री त्यानं उरलेला सिनेमा पाहिला. अंगणातच हळू आवाजात म्हणाला, "नंदिनी, शेवट तं अलगच हाये. खोलीत कोणीच नाई. घर बळकावाले काकानं टेप लावून ठेवला रायते, खोकल्याचा. पोरगी टेप बंद करते न् सिनेमा संपते." मग म्हणाला, "मी कोणाले नाई सांगत."

म्हणजे भूत नव्हतंच. बाबांना आवडला असता. गावाला दाखवायला याहून चांगला सिनेमा नाही. माझी निवड अचूक ठरली, याचा मला आनंद व्हायला हवा.

प्रणित गेल्यावर माडीवर गेले. कडी काढली. खाट, शाल, खिडकीतून आलेलं ऊन. उंदीरसुद्धा नव्हता. बराच वेळ उभी राहिले. लाकूडही करकरलं नाही.

खाली आले तर आई जिन्याच्या तळाशी उभी होती. तिनं विचारलं, "काय हाये वर?"

मी म्हटलं, काही नाही.

"मले तेच भेव होतं," आई म्हणाली.