दुकानामागची मोहरी

अण्णा, तुमच्या बॅटरीच्या दुकानामागे जे पाच गुंठे रान आहे, तिथे यंदा मी मोहरी पेरली होती. आता ती नाही. धाकट्याने ट्रॅक्टरचा रोटर मारून ती मातीत गाडली. मी रविवारी नगरहून पोती आणि हातमोजे घेऊन आले, तर कमरेइतकी वाढलेली, पिवळीधम्मक मोहरी जाऊन रान भुसभुशीत पडलेलं, आणि हा बांधावर शाबासकीची वाट बघत उभा. "तुझं काम वाचवलं, ताई. अण्णा तागाला करायचे तसंच केलं, फुलावर आला की खताला गाडायचा." त्याच्या शेजारी त्याची सात वर्षांची लेक त्याच मातीच्या भाकरी थापत बसली होती, आणि तिच्या ओठालाही माती होती. परवा तिचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट उद्या येईल. मला एका जागी बसवत नाही. दोनदा ओटा पुसून झाला, म्हणून लिहायला घेतलं.

ती मोहरी खायची नव्हती, अण्णा. मातीत शिसं असलं तर मोहरीची मुळं ते थोडंथोडं ओढून घेतात. मग झाड फुलावर असतानाच मुळासकट उपटायचं आणि रानाबाहेर न्यायचं. गुरांना घालायचं नाही, चुलीत घालायचं नाही, उकिरड्यावर तर नाहीच. पोत्यात भरून, विषारी कचरा घेणाऱ्या गाडीत द्यायचं. पुढच्या वर्षी परत पेरायची, त्याच्या पुढच्या वर्षी परत. किती वर्षं, ते मला सांगता येत नाही. माझ्या हयातीत रान निवळलं तरी खूप. तुम्ही आम्हाला जन्मभर सांगितलंत की रानातलं रानात गेलं पाहिजे, पाचट जाळाल तर याद राखा. त्याने ते ऐकलं. मी सांगितलेलं त्याने ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण खरं काय ते मी त्याला सांगितलंच नव्हतं.

अजून डोळ्यांपुढे येतं, मी शाळेत आहे, उसाच्या गळिताचा हंगाम आहे. देवळालीच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागलेत आणि दुकानापुढे दोन जण बॅटऱ्या उतरवून बसलेत. तुम्ही एकेकीचं झाकण उघडता, आत वाकून बघता, वैद्याने नाडी बघावी तसे. जी वाचते ती बाजूला ठेवता. जी गेली ती मागे नेऊन फोडता. ॲसिड बाभळीच्या बुडाशी ओतता, आतल्या शिशाच्या प्लेटा पाण्याने धुता, ते राखाडी पाणी रानाच्या उतारावर सोडून देता, आणि लोखंडी कढईत शिसं वितळवता. मी शाळेतून येऊन बघत उभी असते. तुमच्या खाकी शर्टाला ॲसिडने पडलेली भोकं मी मोजते. आई तो शर्ट घरच्या कपड्यांत कधी भिजवत नसे, वेगळ्या घमेल्यात टाकायची आणि कुरकुरायची. फळीवर खायच्या सोड्याचा डबा असायचा, हात धुवायला. एकदा मी प्लेटा रचून तशाच हातांनी पेरू खाल्ला. तुम्ही कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशी कानाखाली वाजवली. पेरू हिसकून फेकलात आणि म्हणालात, "शिसं पोटात गेलं की भाईर येत न्हाई." मग स्वतःच माझे हात सोड्याने इतके चोळलेत की बोटं लाल झाली.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. इथे येऊन माझं डोकं फिरतं. पोटात गेलेलं बाहेर येत नाही हे कळत होतं, मग मातीत गेलेलं कुठे जाईल असं वाटत होतं तुम्हाला? की तुम्हीही सगळ्यांसारखेच, धरणीमाय सगळं जिरवते म्हणणारे? मला राग येतो, आणि लगेच तो सोड्याचा डबा आठवतो. मग रागही धड येत नाही.

मी माती तपासायचीच नोकरी करते. गावोगाव लोकांना सांगते, लपवू नका, जमिनीत काय पडलं ते खरं लिहा. आपल्या रानाचा नमुना मात्र मी स्वतः भरला, आणि 'पूर्वीचा वापर' या रकान्यात लिहिलं, पडीक. धाकट्याला म्हटलं, ऑफिसचा प्रयोग आहे, मोहरी मी येऊन काढीन. का, ते नाही सांगितलं. तुम्ही गेलात तरी गावात अजून तुमचं नाव घेतात. अण्णांनी मेलेली बॅटरी उठवली, म्हणतात. त्या नावाला बट्टा लागू नये, बस. रविवारी मात्र पोरीचं तोंड धुतलं, आणि तिथेच, दुकानाच्या पायरीवर, त्याला सगळं सांगितलं. त्याने पोरीला उचलून कडेवर घेतलं. मग म्हणाला, "अण्णांना तवा कळलं नसंल. तुला तर कळत हुतं. त्यांचं नाव राखायला माझी पोरगी मातीत बसवलीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्याने तारेचं कुंपण घातलं आणि फोनवर एवढंच विचारलं, परत कधी पेरायची. तो पुन्हा पहिल्यासारखा बोलेल की नाही, तेही उद्याच्या रिपोर्टवर आहे.

एक राहिलं. मी चौथीत असताना तुम्ही मला शिशाचे पाच सागरगोटे ओतून दिले होते. इतके जड की वर उडायचेच नाहीत, मैत्रिणी हसायच्या. त्या गोट्यांना तुम्ही लाल रंगाचे दोन हात दिले होते आणि बजावलं होतं, रंग उडाला की लगेच आणून दे, नवा देतो. रंग त्याच वर्षी उडाला, अण्णा. मी तुम्हाला दाखवले नाहीत, तुम्ही ते काढून घ्याल अशी भीती वाटली. अजून माझ्या कपाटात आहेत. परवा रक्त द्यायला नगरला माझ्याकडे आली तेव्हा भाचीने ते शोधून काढले, आत्या हे मला दे म्हणाली. मी ते तिच्या हातातून हिसकले आणि तिचे हात सोड्याने चोळत बसले. कशाने हात खराब होतात, हे तिला मी अजूनही सांगितलेलं नाही.