साहेबाची गाडी

१२ जानेवारी १९५२, अमरावती

गाडी घरी आणली. कापसाच्या जिनिंगवाल्या गोऱ्या साहेबाची. विलायती, दोन जागांची, वरून उघडी. साहेब कायमचा मायदेशी चालला. गाडी बोटीवर चढवण्याच्या लायकीची राहिली नाही म्हणाला. मी घेतली.

बाबांनी हीच गाडी साहेबाच्या बंगल्यावर वर्षानुवर्षं धुतली. चाकं, मडगार्ड, दिवे, सगळं. सीट मात्र नाही. सीट खानसामा पुसायचा. आम्ही महार; आमचा हात सीटला लागू नये, हा बंगल्याचा रिवाज.

म्हटलं, "बाबा, बसा."

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मडगार्डवर बोट फिरवलं. "धूळ हाय," म्हणाले — आणि बादली आणायला गेले!

१३ जानेवारी

आई लगेच बसली. बाजारापर्यंत गेलो. पदर दातांत धरून हसत होती. "बापा! केवढं वारं हे!" वांगी घेतली, पुन्हा बसली.

बाबा बाजारात पायी आले. पायीच परतले.

४ मे १९५३

ऊन भयंकर. सीटचं कातडं तडकलं. वरच्या कापडी टपाला दोन ठिकाणी भोकं. शिंप्यानं ठिगळं लावली, रंग जुळला नाही. ऑफिसात सगळे म्हणतात, ओव्हरसियरची गाडी गोधडी पांघरते.

बाबा रोज सकाळी धुतात. बसत नाहीत. मी विचारणं सोडलं.

१७ ऑक्टोबर १९५६

काल नागपूरहून आलो. सगळे रेल्वेनं गेलो होतो — आई, बाबा, बायको मैना, मी. दीक्षा घेतली. लाखो माणसं. पांढऱ्या कपड्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

आज सकाळी बादली घेतली नाही त्यांनी. नागपूरचेच पांढरे कपडे अंगात. गाडीचं दार उघडलं आणि बसले. सरळ. हात गुडघ्यांवर.

"चाल."

"कुठं?"

"भातकुलीले."

आमचं गाव. वेशीच्या अलीकडं मी टप चढवायला थांबलो, त्यांना अवघड वाटेल म्हणून. हात धरला माझा. "कायले? राहू दे उघडी. हळू चालव."

हळू चालवली. चावडीपाशी नत्थुजी पाटील बसले होते. ज्यांच्या दारावरून जाताना बाबा चपला हातात घ्यायचे, ते. ते उठून उभे राहिले. रागानं की नवलानं, कळलं नाही. बाबांनी मान हलवली, आपण ओळखीच्या कोणालाही हलवतो तशी. बस. पुढं वळलो, परत आलो.

घरी उतरल्यावर मला वाटलं, काहीतरी बोलतील. म्हणाले, "लय धूळ बसली." आणि बादली!

२ डिसेंबर १९५६

बाबांना आता रोज गाडी पाहिजे. गेल्या रविवारी शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग बघायला नेलं. कशाला? "बघाले." टप चढवायचं नाव नाही. मैना म्हणाली, "थंडीनं मरतील ते." मरत नाहीत. मलाच पडसं झालं.

९ डिसेंबर १९५६

बाबासाहेब गेले त्याला तीन दिवस झाले. बाबा गाडीकडं फिरकले नाहीत. गाडीवर धूळ. मीही पुसली नाही.

२१ फेब्रुवारी १९५९, अकोला

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वाकडं.

बाबांना घेऊन जयवंताकडं, बहिणीकडं, निघालो होतो. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. गाडी सुरू होईना. हँडल मारलं, ते उलटं फिरलं. मनगट मोडलं. रस्त्यावर बसलो. डोळ्यांपुढं अंधार. आता गाडी इथंच टाकून एस.टी. बघावी लागणार.

बाबा म्हणाले, "सरक तिकडं."

दुसऱ्या बाजूनं बसवलं मला. स्वतः हँडल मारलं — एकच. स्टिअरिंगवर बसले. क्लच, गिअर, सगळं मऊ. सात वर्षांत माझ्या हातून असा गिअर पडला नाही!

"कधी शिकले तुम्ही?"

"साहेबाचा डायवर सांजच्याले शुद्धीत राहे का? क्लबातून गाडी कोन आने मंग?"

"साहेबाला माहीत होतं?"

"त्याले कावून सांगीन? तो दोस्ताच्या गाडीत येये. मी चालवो, फाटकापाशी डायवरले बसवो, अन् मांगून पायी येवो. सीट पुसून."

"मला तरी सांगायचं."

"तू इचारलं कवा?"

अकोल्यापर्यंत बाबांनीच चालवली. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. जयवंता रडली. बाबा बाहेर गाडीपाशी होते.

११ ऑगस्ट १९६०

फरशीचा पत्रा गंजून खाली पडला. पायाखालून रस्ता दिसतो. फळी ठोकली.

३० नोव्हेंबर १९६१

सुटे भाग मिळत नाहीत. नागपूर पाहिलं, मुंबईला माणूस धाडला. नाही. ऑफिसला जाताना रोज कोणीतरी ढकलतं. मैनाचं म्हणणं, "दोन जागांची गाडी, आपण सहा जण. पोरांना काय दिव्यावर बसवू?" बरोबर आहे तिचं. कामावर फिरायला मला ऑफिसची जीप आहेच. विकून टाकावी.

१० एप्रिल १९६२

गिऱ्हाईक मिळालं. शेंदूरजनाघाटचे शालिकरामजी, संत्र्याचे व्यापारी. मुलाच्या वरातीला उघडी गाडी पाहिजे त्यांना. चालली नाही तर बैल जुंपू म्हणतात! लग्नानंतर बागेत ठेवणार, कोंबड्यांना बसायला. २२ तारखेला, रविवारी न्यायला येतील.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडली. "बरं," म्हणाले. आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं.

"देवमन, तू त्याईले इचारलं का?"

"सांगितलं ना आता."

"सांगनं अन् इचारनं एकच हाय का रे?"

मी हात धुतले. गाडी माझ्या नावावर आहे. विचारायचं काय त्यात?

१४ एप्रिल

बाबांनी आज गाडी धुतली. मग आत बसून सीट पुसली, कितीतरी वेळ. ओसरीवरून बघत होतो. मैना म्हणाली, "जा ना, बोला काही." गेलो नाही.

२२ एप्रिल, रविवार

सकाळी गाडीची छपरी रिकामी. आई नाही, बाबा नाहीत. समोरच्या फुलवाल्या चतुराबाईंनी सांगितलं — "उजाडताच गेले नं दोघं, अकोल्याच्या रस्त्यानं. तुमचे बाबा चालवून राहिले होते. माय बाजूले, पदर दातांत."

दहाला शालिकरामजी आले. हातात झेंडूची माळ, गाडीला घालायला. "गाडी कुठं हाय, ओव्हरसियर साहेब?"

मी म्हटलं, "मालक घेऊन गेले."