साडेपाचची गाडी

१४ जुलै
सकाळपाळी. पॅकिंगची लाइन दोनदा बंद पडली, ठेकेदाराचा माणूस बोंबलला. चाकणातली ही माही तिसरी कंपनी. इथी तरी टिकून राहीन म्हटलं होतं. मन लागून नाई राह्यलं.
प्रणालीनं मोबाइलवर फॉर्म पाठवला. माही लहान बहीण, आमच्या तालुक्याच्या गावी, मूलच्या कॉलेजात बीएससीले हाये. कॉलेजवाले म्हणतेत, फीसोबत सगळ्यायनं बसवर्गणी भरा, मूलचे असो का बाहेरगावचे. त्यातून बाहेरगावच्या पोरापोरींचे पास निघतील. आणि एवढे पास पक्के झाले तं प्रॅक्टिकल सुटल्यावर आपल्या रस्त्यानं एसटीची साडेपाचची गाडी सुटेल. आता शेवटची साडेतीनची हाये. पालकानं हो का नाही ते लिहून फॉर्म सिधा कॉलेजच्या नंबरवर पाठवायचा. बाबा गेल्यापासून पालक मी.
खोलीत आम्ही पाच जण, सगळे एकाच गावचे. पाचही घरचं कोणी ना कोणी त्याच कॉलेजात. पाचही फोनवर तोच फॉर्म.
गज्या बोल्ला, "सूरज, तू सांग बे. काय लिहू?"
मले कोणी विचारलं की बरं वाटते. नववी नापास मी, पण खोलीतला वकील मीच. भाषण देल्लं. सक्तीची वर्गणी म्हणजे लूट. आज बस, उद्या आणखी काही काढतील. आणि आपल्या बहिणी भिकारी हायेत का, मूलच्या दुकानदाराच्या पैशानं बसाले? पाचही जणायनं 'नाही' लिहिलं. खाली अभिप्रायाची जागा होती. मी लिहिलं, आमच्या पोरी फुकटच्या गाडीत बसत नाहीत. पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या.
प्रणालीले फोन केला. फॉर्मचं काही बोल्लो नाई. दिवाळीले स्कुटी घेऊन देतो म्हटलं. "बरं भाऊ," बोल्ली.

२९ जुलै
वर्गणीचा ठराव पडला. प्रणालीनं फोनवर सांगतलं.
कॉलेजात सभा झाली. मूलचे काही पालक विरोधात होतेच. त्यातला एक उठला आणि बोल्ला, ज्यांच्यासाठी गाडी हाये त्यांनाच नको, मंग आमच्या पोरांनी काऊन भरायचं? सरांनी आमच्या गावचे फॉर्म वाचून दाखवले. पाचही नाही. प्रणालीनं ते वाक्य मले जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आमच्या पोरी फुकटच्या गाडीत…
"कोणाचा होता फॉर्म?" मी विचारलं.
"नावं नाई वाचली." मंग बोल्ली, "अख्खा हॉल हासला, भाऊ."
मी म्हटलं, लोक कसेही अस्तेत.
असं म्हटलं मी.

७ ऑगस्ट
घरी धानाचे रोवणे चालू. आई सकाळपासून चिखलात.
प्रणाली प्रॅक्टिकल अर्धंच सोडून पळते. साडेतीनची चुकली तं काळीपिवळी जीप, आणि ती कोंबून भरल्याशिवाय हालत नाई. परवा जंगलात वाघ रस्त्यावर बसून होता म्हणे. पाऊण घंटा गाडी उभी. हासत सांगून राह्यली होती, "डायवर बोल्ला, त्याले उठवाचं असन तं तिकीट मागा." निकिता सोबत होती. निकिता म्हणजे गज्याची बहीण. दोघी एकाच वर्गात.
आईले हे माहीत नाई. मले माहीत हाये, आणि मी चाकणात डबे भरून राह्यलो.

१९ ऑगस्ट
निकिताचं कॉलेज बंद. रोज उशीर होते, जंगलाचा रस्ता, गावात लोक बोलतेत, म्हणून तिच्या आईनंच बसवलं घरी. पाहुणे पाहूनही गेले.
गज्याले घरून फोन आला तेव्हा मी समोरच होतो. त्यानं फोन ठेवला. भात त्यानंच वाढला आज.
"वरण घे ना बे. कोरडा काऊन खातं?"
एवढंच. शिवी देल्ली असती तं घास खाली उतरला असता.

२० ऑगस्ट
काल लिहिलं नाई ते लिहितो.
लूट, भिकारी, हे बोलाचं होतं. बोलता येते मले.
खरं हे. नववीपर्यंत मी सायकलनं शाळेत गेलो. अकरा किलोमीटर. पावसात चेन निघे, हात काळे, वर्गात पोहोचेपर्यंत पहिला तास संपे, गुर्जी बाहेर उभं करे. एक दिवस अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो, आणि मंग गेलोच नाई. तेव्हा माह्यासाठी कोणी सभा घेतली नाई. कोणी विचारलं नाई, पोट्टं कुठी गेलं म्हणून.
त्या दिवशी फॉर्म वाचला. हिले गाडी. हिले पास. सारं कॉलेज हिच्यासाठी वर्गणी काढून राह्यलं.
सख्ख्या बहिणीवर जळलो मी. आणि चार घरं सोबत घेतली.

२ सप्टेंबर
प्रणाली आणि काही पोरी प्राचार्यांकडे अर्ज घेऊन गेल्या होत्या. पुन्हा विचारतो म्हणाले, दिवाळीनंतरच्या सत्रासाठी. आता फोनवर नाई, कागदावर सही पाहिजे. सोमवारपर्यंत.
सुट्टी मागितली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "जायचं तर जा. आल्यावर जागा असेलच असं नाही."
निघालो. गज्याले म्हटलं, घरी काम हाये. तो निकितासाठी ड्रेस देत होता न्यायले. घेतला.

५ सप्टेंबर, घरी
प्रणाली तांदूळ निवडत होती. सांगून टाकलं.
"तो अभिप्राय माहा होता."
"मले माहीत हाये."
"कधीपासून?"
"हॉलमधीच कळलं. तुह्यासारखं आणखी कोण बोलते?" तिनं वर पाह्यलंच नाई. खडे काढत राह्यली.
मी पेन काढला. म्हटलं, दे फॉर्म, आता हो लिहितो.
"तू नको."
कागद तिनं आईसमोर ठेवला. आईनं पदराले हात पुसले आणि सही केली. हळू, पण पूर्ण नाव. मले माहीतच नव्हतं आईले सही येते.
"कधी शिकलीस?"
"तू विचारतं कधी?" आई बोल्ली आणि चुलीकडे गेली.
जेवण झालं. कोणी रागावून नाई राह्यलं माह्यावर. जळण्याचं मात्र मी सांगतलं नाई.

६ सप्टेंबर, रविवार
बाकीच्या चार घरी प्रणाली आज फॉर्म घेऊन फिरली. मी मागं मागं. "तू बाहेरच राय," म्हणाली. तीन घरच्या बायांनी सह्या केल्या. एकीनं तं मले पाहून डोक्यावरचा पदरही सारखा केला, मी पाहुणा असल्यासारखा.
शेवटचं घर गज्याचं. मी कुंपणाजवळ उभा. निकिता पाणी घेऊन आली. ड्रेस तिच्या हाती देल्ला. तिनं पिशवी उघडून नाई पाह्यली.
"स्कुटीवर आलास का भाऊ?"
पाणी प्यालो. स्कुटीचं प्रणालीनंच सांगतलं असन तिले.
आतून तिच्या आईचा आवाज. "गज्याले विचारल्याशिवाय नाई बाई. मागं त्यानं नाही लिहिलं, काही पाहूनच लिहिलं असन ना? आणि पाहुण्यायचा होकार आला तं हिले कायले पास?"
"काकू, अजून आला नाई ना होकार," प्रणाली.
काकूनं गज्याले फोन लावला. बोलली, ठेवला. मिनिटभरात माहा फोन वाजला.
"आई विचारून राह्यली, काय सांगू? तू तिथंच हायेस म्हणे."
पुन्हा मलेच.
निकिता समोर उभी होती, रिकामा गिलास घेऊन. तिच्यादेखत सांगतलं. लूट नव्हती गज्या. मी जळलो होतो प्रणालीवर. तुले काही माहीत नव्हतं, तू माह्यावर भरोसा ठेवून लिहिलं. मी तुले सांगणारा कोणी नाई. तूच ठरव. निकिताले विचार.
तिकडून मशीनचा आवाज येत होता, मंग तोही बंद. त्यानं कापला का रेंज गेली, माहीत नाई.
निकिता आत गेली. प्रणाली दारात आली होती, तिनं सारं ऐकलं. माह्याकडे पाह्यलं. त्या पाहण्याचं काय लिहू.
अर्धा घंटा थांबलो. काकूचा फोन मांडीवर, सगळे त्याच्याकडे पाहून राह्यलेले. वाजला नाई. प्रणाली कागद खाटेवर ठेवून उठली, पेन वर ठेवला, आणि काकूले नाई, निकिताले बोल्ली, "मी उद्या सकाळी येऊन कागद नेईन."